पाटा उसळताना मोडतो

नाशिक-निफाड रस्त्यावर मी सर्व्हिस मोटार चालवायचो, ती वर्षं एकोणीसशे तीसच्या पुढची. माझं वय तेव्हा पंचवीस-सव्वीस. मराठी सातवी पास झालेला माणूस त्या काळी मास्तर नाहीतर तलाठी व्हायचा. मी मोटारीच्या नादी लागलो आणि घरच्यांनी त्याबद्दल मला पुरेसं ऐकवलं. मोटार माझी नव्हती. मालक नाशकातले कांद्याचे व्यापारी, धंद्याला जोड म्हणून त्यांनी ही एक मोटार घेतली होती. चासी विलायती, वरचा सांगाडा इथल्याच सुतारानं सागवानात बांधलेला, दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे. चौदा माणसं बसवायची परवानगी होती. त्या मोटारीत चौदाच माणसं मी फक्त पासिंगच्या दिवशी पाहिली.

रस्त्याबद्दल बोलायला लागलो की अजूनही माझा आवाज चढतो. घरातले म्हणतात, आता कशाला? पण ज्यानं तो रस्ता रोज दोनदा अंगावर घेतला त्याला विचारा. नाशिक सोडल्यावर पहिले काही मैल बरे होते. मग काळी जमीन लागायची. काळ्या जमिनीवर रस्ता टिकवायचा तर खाली मोठे दगड बसवावे लागतात, वर खडी, तिच्यावर मुरूम, आणि पाणी मारून मारून रूळ फिरवावा लागतो. आमच्याकडे ठेकेदार खडी नुसती पसरायचा आणि तिची लाज झाकावी तसा वरून मुरूम टाकायचा. सरकारी रस्तेखात्याचा ओव्हरसियर येऊन फीत लावून रुंदी मोजून जायचा. रूळ कडेला बाभळीखाली उभा असायचा, त्याच्या दांड्यावर गुराखी बसलेले. मग त्या मुरमावरून कांद्याच्या, गुळाच्या बैलगाड्या जायच्या. लोखंडी धावांच्या चाकांनी पावसाळ्यात वीतभर खोल चाकोऱ्या पडायच्या आणि उन्हात त्या विटेसारख्या कडक व्हायच्या. बैलगाडीच्या दोन चाकांतलं अंतर वेगळं, मोटारीचं वेगळं. त्यामुळे मोटारीचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं वर, अशी ती कपडा पिळावा तशी पिळली जात चालायची.

अकराव्या मैलाजवळ एक मोरी होती. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जावं म्हणून बांधलेली. तिच्या एका बाजूचा भराव खचला होता आणि मोरीची दगडी कड पायरीसारखी उघडी पडली होती. नाशकाहून जाताना चाक तिच्यावरून खाली पडायचं, येताना तिच्यावर आदळायचं. मी तिथे मोटार जवळजवळ थांबवायचो, पहिल्या गिअरमध्ये टाकून चढवायचो, तरी मागच्या बाकावरची माणसं वीतभर उडायची. ज्या सालची ही गोष्ट, त्या पावसाळ्यात मी ओव्हरसियरकडे दोनदा जाऊन सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी मला व्हरांड्यात उभं ठेवून ऐकून घेतलं आणि नोंद केली आहे म्हणाले. दुसऱ्यांदा ते जेवायला बसले होते. आतूनच निरोप आला, नोंद केली आहे.

मोटारीच्या पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या पानापानांच्या स्प्रिंगांचं, काम मी जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींकडे न्यायचो. ते मूळचे मालेगावकडचे मुसलमान, साठीला आलेले. त्यांचे वडील टांग्याचे पाटे करायचे. मोटारी आल्यावर यांनी तेच हुन्नर मोटारीला लावलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. चाचा मोटारीखाली शिरायचे, छोट्या हातोडीनं एकेक पान ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. धड पानाचा आवाज लांबतो, तडा गेलेल्याचा तिथल्या तिथे मरतो, हे मला त्यांनी शिकवलं. दर चार दिवसांनी पाटे पाण्यानं धू, असंही सांगितलं होतं. चिखल वाळून बसला की त्याखालची रेघ दिसत नाही. जिथे पाटा धुरीवर, म्हणजे चाकांच्या आसावर, आवळलेला असतो तिथे नख फिरवून बघ, म्हणाले होते.

श्रावणात डाव्या बाजूच्या मागच्या पाट्याचं दुसरं पान मोडलं. मालक म्हणाले, सांधून घे. चाचांनी नकार दिला. सांधलेलं पान नांगराला चालेल, माणसं भरलेल्या मोटारीला चालणार नाही, नवीन घाला, म्हणाले. मालकांनी ते पान दुसऱ्या एका लोहाराकडे पाठवलं. त्याचा धंदा कुदळी-फाळांचा. त्यानं लाल करून, ठोकून, जोडून दिलं. मी ते मोटारीला बसवलं. हे मी लपवत नाही. मला माहीत होतं आणि मी बसवलं. नोकरी टिकवायची होती, दुसरं काही कारण नव्हतं. पाटे धुणंही पहिले काही दिवस केलं, मग सोडून दिलं. क्लीनर ठेवलेला नव्हता, सगळं मलाच करावं लागे, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी निफाडहून निघालो. मालक स्वतः तिथे उभे होते. सणाच्या तोंडावर कुणाला खाली ठेवायचं नाही, असा त्यांचा हुकूम. आत तेवीस माणसं, टपावर कांद्याची पोती. मी म्हटलं, शेठ, एवढं वजन त्या मोरीवर झेपायचं नाही. ते म्हणाले, मोरीची काळजी सरकारला, तुला कशाला? लोक हसले. मी हँडल मारलं.

वाटेत एक माळीण चढायची, तीही त्या दिवशी चढली. पन्नाशीची असेल. नेहमीची उतारू, तिला मी मावशी म्हणायचो. तिच्या मळ्यात शेवंती आणि झेंडू. आठवड्यातून तीनदा पाट्या घेऊन नाशकाच्या बाजारात यायची. त्या दिवशी चार पाट्या झेंडू होता. आत जागा नव्हती म्हणून ती डावीकडच्या अगदी कडेला टेकली आणि उजव्या हातानं बाहेरून खांब धरला.

मोरीजवळ मी मोटार इतकी हळू केली की रस्त्यानं चालणारी दोन माणसं आमच्या बरोबरीनं चालत होती. हे मी पुढे चौकशीत शपथेवर सांगितलं. पुढची चाकं चढली. मागची आदळली, वर उठली आणि मोटारीचं बूड हवेत असतानाच खालून आवाज आला. फार मोठा नाही. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. मागची डावी बाजू बसली, धुरी मागे सरकली, चाक सांगाड्याला घासलं आणि मोटार डावीकडे ओढली गेली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं पण मोटार माझी राहिली नव्हती. ती रस्त्याकडेच्या चारीत उतरली आणि एका बाभळीला टेकून थांबली.

कुणी दगावलं नाही. दोघांचं कपाळ फुटलं, बाकीचे घाबरून उड्या मारून बाहेर पडले. मावशीचा उजवा हात मात्र खांब आणि बाभळीच्या बुंध्यात सापडला होता. आम्ही चौघांनी मोटार रेटून तो सोडवला. कोपर भलतीकडे वळलं होतं. ती ओरडली नाही. तिचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता आणि ती चारीकडे बघत होती.

"फुलं उचला," ती मला म्हणाली. "मान्सं तुडवून राह्यलीत."

मी फुलं उचलली. त्या वेळी दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

नाशिक अकरा मैल. दुसरी मोटार दुपारशिवाय नव्हती. एका कांदेवाल्यानं गाडी रिकामी करून दिली, तीत कडबा घालून मावशीला निजवलं. मी मोटारीची फळी काढून तिच्या हाताखाली धरली आणि गाडीबरोबर चालत राहिलो. त्याच चाकोऱ्या, तेच खड्डे. मोटारीत बसून मी चार वर्षं ते खड्डे पाहिले होते, त्या दिवशी प्रत्येक खड्डा तिच्या तोंडावर पाहिला. चाक उतरलं की ती ओठ चावायची. कुठल्याशा मैलावर ओठातून रक्त आलं. गाडीवान बैलांना शिव्या देत होता आणि मी ओव्हरसियरला, ठेकेदाराला, मालकांना, ज्यांची नावं आठवली त्या सगळ्यांना मोठमोठ्यानं शिव्या देत चाललो होतो. शेवटी तीच म्हणाली, "बस कर भाऊ, तुझा घसा बसंल."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जिवापाड मेहनत केली. हात वाचला. कोपर मात्र पुन्हा वाकणार नाही असं त्यांनी आठवड्यानं सांगितलं.

तोवर इकडे कागद तयार झाले होते. मालकांनी लिहून दिलं होतं की ड्रायव्हरनं सणाच्या घाईत मोटार भरधाव सोडली. ओव्हरसियरच्या रिपोर्टात रस्ता वाहतुकीस योग्य स्थितीत होता. दोघांचं एकमेकांशी काही बोलणं झालं होतं की नाही मला माहीत नाही. बोलायची गरजच नव्हती. दोघांनाही एक माणूस हवा होता आणि तो माणूस मी होतो.

मी मोडलेलं पान, पाट्यातलं सगळ्यात वरचं, गोणपाटात गुंडाळून चाचांच्या भट्टीवर गेलो. मला वाटत होतं, ते बघतील आणि म्हणतील, रस्त्यानं मोडलं. चाचांनी तुकडे उजेडात नेले. मोडलेल्या तोंडावर फुंकर मारली, चिंधीनं पुसलं, पुन्हा पाहिलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "नीट बघ."

मोडलेलं तोंड दोन रंगांचं होतं. एका कोपऱ्यापासून निम्म्याहून जास्त भाग काळपट-तांबडा, गंजलेला. उरलेला चांदीसारखा चकचकीत, दाणेदार. चकचकीत तेवढंच त्या दिवशी मोडलं, चाचा म्हणाले. गंजलेलं महिन्याभरापूर्वीचं. आधी मधल्या बोल्टाच्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडते. प्रत्येक खड्ड्याला ती थोडी सरकते. तिच्यात पाणी जातं, गंज धरतो, ती आणखी सरकते. शेवटी पान आतून उरतं एवढंसं आणि एक दिवस जातं.

मी म्हटलं, पण मी तर हळू होतो. एवढ्या वजनानं दबलं म्हणून मोडलं ना?

"पाटा दबताना मोडत नाही, उसळताना मोडतो," ते म्हणाले. "दबतो तेव्हा सगळी पानं एकमेकांना धरतात. उसळी घेतो तेव्हा वरचं पान एकटं पडतं. आणि तुझं दुसरं पान तर सांधलेलं होतं. लाल करताना त्याचं पाणी उतरलं होतं, त्यात जीवच नव्हता. सगळा भार या एकावर."

मग त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुतला असतास तर रेघ दिसली असती."

मला असा राग आला की मी तुकडा तिथेच टाकला. सगळं जग माझ्यावर उठलं होतं आणि हाही म्हातारा त्यात सामील, असं वाटलं. मी तरातरा निघून गेलो, गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसलो. संध्याकाळी पुन्हा भट्टीवर गेलो तेव्हा त्यांनी तो तुकडा उचलून कपाटात ठेवला होता. मी त्यांना विनवलं की चौकशीला या, आणि फक्त रस्त्याचं सांगा. ते म्हणाले, येईन, पण सांगेन तर सगळं सांगेन. रस्त्याचं, सांधलेल्या पानाचं, वजनाचं आणि तुझंही. अर्धं ऐकवायचं असेल तर दुसरा कुणी बघ.

दुसरा कुणी नव्हता. असता तरी, आता वाटतं, मी त्यांनाच नेलं असतं.

चौकशी कचेरीत झाली. चाचांनी टेबलावर तुकडे ठेवले आणि सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, कुणालाही न वगळता. मी मान खाली घालून ऐकलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी दोन प्रश्न विचारले, ते बरे होते. मग ओव्हरसियर उठले आणि त्यांनी विचारलं की यांच्याकडे कुठल्या शाळेचं सर्टिफिकेट आहे. चाचांनी आपले दोन्ही हात पुढे केले. ओव्हरसियर हसले. त्या हसण्याला आज इतकी वर्षं झाली, मी ते विसरलो नाही आणि माफही केलेलं नाही.

मावशी गळ्यात हात अडकवून आली होती. साहेबांनी विचारलं, मोटार वेगात होती का?

"ह्याच्या येगाचं काय इचारता?" ती म्हणाली. "चालती मान्सं संगं व्हती. त्या मोरीचं इचारा. ती कवाधरनं तशी हाय? मी पाच सालं बघती. तुमच्यातलं कुनी येऊन बघितलं का?"

कारकुनाची लेखणी थांबली. तिचं बोलणं त्यानं लिहून घेतलं की नाही, मला शंकाच आहे.

निकाल लागला. माझं लायसन सहा महिने जप्त. मालकांना पाटा बदलण्याची ताकीद. आणि रस्त्याबद्दल योग्य ती नोंद घेण्यात यावी. मी ते वाक्य तिथेच तीनदा वाचलं. माझी चूक होती, तिची शिक्षा मी घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या सहा महिन्यांत सरकारातल्या कुणी ती मोरी एकदाही हात लावून पाहिली नाही. मालकांनी दुसऱ्याच आठवड्यात नवीन ड्रायव्हर ठेवला आणि टपावर पुन्हा पोती चढली.

ते सहा महिने मी चाचांच्या भट्टीवर काम केलं. त्यांनी बोलावलं नव्हतं, मीच गेलो आणि घण उचलला. पान किती लाल करायचं, तेलात कधी बुडवायचं, पाणी चढलं की उतरलं ते कानानं कसं ओळखायचं, हे तिथे शिकलो. मोडलेले पाटे येतच राहिले, टांग्यांचे, मोटारींचे, एका डॉक्टरांच्या छोट्या गाडीचा. प्रत्येकाचं तोंड मी पुसून बघायचो. तेच दोन रंग. माझा राग निवायच्या ऐवजी भट्टीसारखा रोज फुंकला जायचा.

माघात मावशीचा नवरा भट्टीवर आला. मोटारीचं काही काम नव्हतं. तो म्हणाला, आमच्याकडच्या गाडीवानांनी ठरवलंय, मोरी आपणच दुरुस्त करायची, तुम्ही येता का? मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी टोपी घातली आणि माझ्या आधी निघाले.

दोन दिवस लागले. अकरा गाड्या दगड ओढ्यातून काढला. खचलेला भराव सगळा उकरून टाकला, मोठे दगड उभे बसवले, फटींत चिपा ठोकल्या, वर खडी, मुरूम आणि पाणी. रूळ नव्हता, म्हणून लाकडी ओंडक्यांनी धुमस केला, वीस माणसांनी आळीपाळीनं. चाचा कडेला दगडावर बसून सांगत होते, इथे पोकळ वाजतंय, पुन्हा ठोका. मावशीनं डाव्या हातानं भाकरी वाढल्या. रस्ता इतका सपाट झाला की पहिली गाडी गेली तेव्हा बैलांनाच चुकल्यासारखं वाटलं असेल.

पंधरा दिवसांनी मावशीच्या नवऱ्याच्या नावे नोटीस आली. तो ती घेऊन माझ्याकडे आला, वाचायला. परवानगीशिवाय सरकारी रस्त्यात काम केलं आहे, तरी सदर जागा पूर्ववत स्थितीत आणून द्यावी. मी ती त्याला वाचून दाखवली. पाच वर्षं ज्यांना मोरी दिसली नव्हती त्यांना ती दुरुस्त केलेली पंधरा दिवसांत दिसली होती.

उत्तर मी लिहिलं. जन्मात लिहिलेल्या कागदांपैकी तेवढाच एक मला चांगला जमला असं वाटतं. लिहिलं की पूर्ववत म्हणजे नेमकं किती खोल, ते ओव्हरसियर साहेबांनी समक्ष येऊन दाखवावं. त्याप्रमाणे उकरून देण्यात येईल. उकरताना गावची माणसं आणि जिचं कोपर त्या स्थितीत गेलं ती बाई हजर राहील. खाली त्यानं अंगठा दिला, सतरा गाडीवानांनी अंगठे दिले, मी आणि चाचांनी सह्या केल्या, चाचांनी उर्दूत.

कुणी आलं नाही. दुसरी नोटीसही आली नाही. ओव्हरसियरची पुढे बढतीवर बदली झाली. मोरी नंतरचे कितीतरी पावसाळे टिकली, पण तेवढीच. तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा रस्ता तसाच राहिला आणि तिथे पाटे मोडत राहिले.

लायसन परत मिळालं. मालकांनी निरोप पाठवला की ये. मी गेलो आणि सांगितलं, चौदा माणसं, टपावर काही नाही, पाटे रोज धुवायला एक माणूस. ते म्हणाले, मग मोटार कशाला चालवायची? मी उठून आलो आणि भट्टीवरच राहिलो. चाचा गेल्यावर ती भट्टी मीच चालवली.

मावशी त्याच मालकांच्या मोटारीनं बाजाराला येत राहिली. सकाळी बाजाराच्या वेळेला दुसरी मोटार नव्हतीच. आता उजवीकडे बसायची. फुलं सून तोडायची, ही डाव्या हातानं विकायची. भट्टीवरून जाताना कधी थांबायची. एकदा मी विचारलं, मावशी, त्या मोटारीत पाय ठेवताना राग येत नाही?

"येतो ना," ती म्हणाली. "रोज येतो. तरी चढावं लागतंच."

एवढं बोलून तिनं डाव्या खांद्यावर पाटी सावरली आणि ती बाजाराकडे गेली. मी आत जाऊन समोर पडलेल्या पाट्याचे बोल्ट सोडायला घेतले, आणि ते इतक्या रागानं सोडले की एकाचे आटे गेले. चाचा तेव्हा होते. त्यांनी नुसतं पाहिलं आणि नवीन बोल्ट काढून माझ्यापुढे ठेवला.